त्र्यंबक मंत्र : अर्थ आणि इतिहास



ज्या मंत्राविषयी आज मी चार शब्द बोलणार आहे तो आपल्यापैकी बहुतेकांच्या कानांवरून गेलेला आहे, पुष्कळांना तो मुखोद्गतही असेल. कोणी त्याला महामृत्युंजय म्हणतात, कोणी नुसता त्र्यंबक मंत्र. घरातले दुखणे लांबले, डॉक्टरांचे बोलणे तुटक होऊ लागले, परगावच्या मुलांना बोलावणी गेली, म्हणजे घरातील एखादे वडीलधारे माणूस हळूच सुचविते, 'गुरुजींना विचारून पाहा, जप बसवू या.' मग सव्वा लक्षाचा संकल्प होतो आणि माजघरात माळा फिरू लागतात. हल्ली तर रुग्णालयात खाटेशेजारी मोबाइलवर हा मंत्र मंद आवाजात चालू ठेवलेलाही आढळतो.

रोगी उठून बसला तर जपाला यश आले असे आपण म्हणतो. आणि नाही उठला तर? मग त्या घरात दुसरेच एक दुखणे सुरू होते. संख्या पुरी झाली नव्हती, उच्चार शुद्ध नव्हते, संकल्पाला दोन दिवस उशीर झाला, अशी बोलणी निघतात. मुलगा स्वतःला दोष देतो, पत्नी मनातल्या मनात कुढते. गेलेल्या माणसाच्या दुःखावर हे अपराधाचे ओझे फुकट चढते. हे ओझे मंत्राने घातलेले नाही. मंत्र मागतो काय, हे न पाहता आपण त्याच्याकडून जी अपेक्षा धरली तिने ते घातले आहे. म्हणून आज ह्या मंत्राकडे इतिहासाच्या वाटेने जावे असे मी योजिले आहे. कोणाची श्रद्धा ढळविण्याचा माझा हेतू नाही, ज्यांना श्रद्धा नाही त्यांच्या गळी ती उतरविण्याचाही नाही. तीन हजार वर्षे जे शब्द माणसे मृत्यूसमोर उभी राहून उच्चारीत आली, त्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा, एवढेच.

प्रथम ह्या मंत्राचे घर कोठे आहे ते पाहू. ऋग्वेदाच्या सातव्या मंडलातील एकोणसाठाव्या सूक्ताची ही बारावी, म्हणजे शेवटची ऋचा. सातवे मंडल वसिष्ठांचे. हे सूक्त मरुतांचे असून शेवटी ही एकच ऋचा रुद्राची येते. आधीच्या ऋचा निराळ्या छंदांत आहेत, ही अनुष्टुभात आहे. आणखी एक गोष्ट अभ्यासकांच्या फार पूर्वीच ध्यानात आली. ऋग्वेदाचा पदपाठ, म्हणजे संधी सोडवून एकेक शब्द सुटा करून दाखविणारा पाठ, शाकल्याने सिद्ध केला. एवढ्या मोठ्या ग्रंथात अवघ्या सहा ऋचांना त्याचा पदपाठ नाही, आणि त्या सहांत ही एक आहे. ह्यावरून असे अनुमान निघते, की ही ऋचा ह्या सूक्ताच्या अखेरीस मागाहून येऊन बसली असावी. ती अर्वाचीन आहे असा ह्याचा अर्थ नव्हे. यजुर्वेदाच्या संहितांत ती आहेच, आणि तेथे ती एकटी नाही; तिच्याभोवती एक सबंध विधी उभा आहे. मंत्राचा मूळ अर्थ कळावयाचा तर त्या विधीत जाऊन पाहिले पाहिजे.

त्या काळी वर्षातून तीन वेळा, चार चार महिन्यांच्या अंतराने, चातुर्मास्य याग करीत. पहिला वैश्वदेव, फाल्गुनी पौर्णिमेच्या सुमारास, वसंताच्या तोंडाशी. दुसरा वरुणप्रघास, पावसाळ्यात. तिसरा साकमेध, कार्तिकाच्या सुमारास. हे याग ह्याच वेळी का करावयाचे, ह्याचे उत्तर कौषीतकी ब्राह्मणाने मोठ्या मार्मिकपणे दिले आहे. हे औषधयज्ञ आहेत, ऋतूंच्या सांध्यावर रोग उद्भवतात, म्हणून ऋतूंच्या सांध्यावरच ते करावेत, असे ते ब्राह्मण सांगते. पावसाळा सरता सरता घरोघर तापाची अंथरुणे पडतात हा आपलाही अनुभव आहे. आपण आज वसंतात येथे जमलो आहोत. हाही तसाच एक सांधा. दूरच्या काळातील त्या लोकांनी रोग आणि ऋतू ह्यांची सांगड घातली होती, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

तिसऱ्या यागाच्या शेवटी 'त्र्यंबक होम' होतो. त्याचे वर्णन शतपथ ब्राह्मणात सविस्तर आले आहे. घरात जितकी माणसे तितके लहान पुरोडाश, म्हणजे भाजलेल्या पिठाच्या पोळ्या, तयार करावयाच्या, आणि त्यांवर एक अधिक. घरातल्या प्रत्येक जिवाची एक, आणि अधिकाची जी, ती अजून जन्मास न आलेल्यांची. मग सर्वांनी घराबाहेर पडून उत्तरेकडे चव्हाट्यावर जावयाचे. तेथे अग्नी ठेवून पळसाच्या पानाने रुद्राला आणि त्याची बहीण अंबिका हिला आहुती द्यावयाची. अधिकाची पोळी उंदराने उकरलेल्या मातीत पुरावयाची, कारण उंदीर हा रुद्राचा पशू. गाय, घोडा, माणूस, मेंढा, मेंढी ह्या सर्वांसाठी औषध मागावयाचे. मग ही त्र्यंबक ऋचा म्हणत अग्नीभोवती फिरावयाचे. शेवटी उरलेल्या पोळ्या दोन टोपल्यांत घालून काठीला बांधावयाच्या, झाडावर किंवा वारुळावर टांगावयाच्या, आणि रुद्राला विनवावयाचे, की बाबा, ही वाटेची शिदोरी घे आणि धनुष्य उतरवून मूजवत् पर्वताच्या पलीकडे जा. एवढे झाले की मागे वळून न पाहता घरी यावयाचे आणि पाण्याला स्पर्श करावयाचा.

आपल्या खेड्यापाड्यांत पटकीची साथ आली म्हणजे मरीआईचा गाडा वाजतगाजत गावच्या शिवेपलीकडे नेऊन सोडीत, हे वृद्ध मंडळींनी पाहिले किंवा ऐकले असेल. त्या दोन विधींचे प्रत्यक्ष नाते मी सांगत नाही, पण मनाची ठेवण एकच आहे. ज्या देवाच्या बाणांनी रोग येतो त्याच देवाच्या हाती औषध आहे. त्याला दुखवावयाचे नाही, त्याचा वाटा त्याला द्यावयाचा आणि आदराने वाटेला लावावयाचे. ऋग्वेदात रुद्राला वैद्यांमधला श्रेष्ठ वैद्य म्हटले आहे, ते ह्याच भावनेने.

ह्या विधीतून दोन गोष्टी निघतात. पहिली ही, की हा मंत्र मूळचा कोणा एकट्या आसन्नमरण माणसाच्या उशाशी म्हणावयाचा नव्हता. धडधाकट माणसांचे सारे घर एकत्र येऊन, आजार येण्याच्या आधी, लेकराबाळांसाठी, गुरांसाठी आणि उद्या जन्मणाऱ्यांसाठी तो म्हणत असे. दुसरी गोष्ट आपल्या भगिनींना विशेष वाटेल. त्या फेऱ्यांत घरातल्या उपवर मुलीही असत आणि त्यांच्यासाठी ह्या ऋचेचा पाठ थोडा बदललेला आहे. 'पुष्टिवर्धन' ह्या शब्दाच्या जागी तेथे 'पतिवेदन', म्हणजे पती मिळवून देणारा, हा शब्द येतो. आणि मृत्यूपासून सुटावे ह्याऐवजी 'येथून सुटावे, तेथून नव्हे' अशी मागणी येते. येथून म्हणजे माहेराहून आणि तेथून म्हणजे पतीच्या घराहून, असा खुलासा ब्राह्मणग्रंथानेच केला आहे. अथर्ववेदाच्या विवाहसूक्तातही हीच उपमा अर्यमा देवाला उद्देशून आलेली आहे. तेव्हा देठापासून फळ सुटावे, ही एकच उपमा त्या लोकांनी दोन प्रसंगी वापरली, मुलीच्या सासरी जाण्याला आणि माणसाच्या मृत्यूतून सुटण्याला. ज्यांनी मुलगी सासरी पाठविली आहे त्यांना ह्याचे मर्म फोड करून सांगावयास नको.

आता शब्दांकडे वळू. पहिलाच शब्द 'त्र्यंबक'. ह्याचा अर्थ काय ह्याविषयी प्राचीनांतही एकमत नाही. शतपथकार रुद्राची बहीण अंबिका हिच्याशी तो शब्द जोडतात. स्त्रीसह आहुती घेणारा तो 'स्त्र्यंबक', त्याचाच 'त्र्यंबक' झाला, अशी त्यांची व्युत्पत्ती. सायणाचार्य ब्रह्मा, विष्णू आणि रुद्र ह्या तिघांचा पिता असा अर्थ करतात. महीधर तीन नेत्रांचा असा सांगतात, आणि हाच पुढे सर्वत्र रूढ झाला. 'अंबा' म्हणजे आई, त्यावरून तीन माता असलेला, असे आधुनिक पंडितांपैकी अनेकांचे मत आहे. बहीण असो, आई असो की नेत्र असो, ह्या उग्र देवाच्या नावातच काही तरी मायेचे आहे, असे मला वाटते.

पुढे दोन विशेषणे येतात, 'सुगंधि' आणि 'पुष्टिवर्धन'. सुगंधाचा अर्थ भाष्यकारांनी दूरवर पसरणारी कीर्ती असा केला. पुष्टी म्हणजे अंगावरचे मांस एवढेच नव्हे; गाईगुरे, धान्य, संतती, बळ हे सारे तिच्यात आले. आणि मग ती प्रसिद्ध उपमा येते, 'उर्वारुक'. काकडी, वाळूक, खरबूज ह्या जातीचे वेलीवरचे फळ. 'बंधन' ह्या शब्दाने आपल्याला एकदम बेडी, साखळदंड किंवा संसाराचा पाश आठवतो. पण येथे बंधन म्हणजे देठ, असे भाष्यकार स्पष्ट सांगतात.

नदीकाठच्या वाळूत खरबुजे पिकविणाऱ्याला ह्या उपमेवर भाष्य लागणार नाही. फळ कच्चे असताना ओढाल तर ते सुटत नाही. जोर कराल तर देठ चिरतो, वेलीला इजा होते आणि हाती आलेले फळही बेचव निघते. तेच फळ पुरते पिकले म्हणजे देठाच्या मुळाशी बारीक चीर पडते, वास सुटतो आणि हात लावताच फळ वेल सोडून हातात येते. वेलीला दुखत नाही, फळाला ओरखडा उठत नाही. सुगंध, पुष्टी आणि पिकलेले फळ हे तीन शब्द एका ओळीने आले आहेत, हा निव्वळ योगायोग नसावा असे मला वाटते. ऋषीच्या डोळ्यांपुढे भर हंगामातला वेल होता.

आता व्याकरणाची एक लहानशी गोष्ट सांगतो. 'यजामहे' हे क्रियापद बहुवचनी आहे, म्हणजे आम्ही पूजितो. 'मुक्षीय' हे एकवचनी आहे, म्हणजे मी सुटावे. पूजा सर्वांनी मिळून केली, सुटका मात्र ज्याची त्याने मागितली. मरण ज्याचे त्यालाच यावयाचे, पण त्याला सामोरे जाताना घर पाठीशी उभे असावे, हा ह्या दोन वचनांचा मेळ आहे.

आणि मागणी तरी कोणती? मृत्यूपासून सुटावे, अमृतापासून नव्हे. 'अमृत' म्हणजे कधीच न मरणे, असा अर्थ आपण घेतो. परंतु ब्राह्मणग्रंथांत माणसाच्या अमृतत्वाची व्याख्या अगदी साधी आहे. माणसाने आपले सबंध आयुष्य भोगावे, हेच त्याचे अमृतत्व. आणि सबंध आयुष्य म्हणजे शंभर वर्षे. ह्या अर्थाने पाहिले तर मंत्र असे म्हणतो, की मला कच्चे तोडू नको, मला पिकू दे. पिकलो म्हणजे मी आपणहून सुटेन; मात्र सुटताना जे अमर आहे त्याच्याशी माझे नाते तुटू देऊ नको. उपनिषदांनंतर ह्या शेवटच्या शब्दात मोक्षाचा अर्थ भरला गेला आणि तोही उपमेला शोभतोच. पण त्याचा पाया जीवनाच्या परिपूर्णतेत आहे, जीवनाच्या वैतागात नाही.

मग हा मंत्र मृत्यूला जिंकणारा म्हणून प्रसिद्ध कसा झाला? ही वाटचाल लांब आहे, मी तिचे टप्पे तेवढे सांगतो. शौनकाच्या नावावर असलेल्या ऋग्विधान ग्रंथात ह्या ऋचेचा घरगुती प्रयोग आला. तीन दिवस उपोषण करावे, दुधातला चरू शिजवावा, महादेवाला उद्देशून शंभर आहुती द्याव्यात, आणि असे शंभर पर्वे करावे म्हणजे शंभर वर्षे आयुष्य लाभते. महिन्याची दोन पर्वे धरली तरी ह्या व्रताला चार वर्षांहून अधिक काळ लागतो. घाईघाईने उरकावयाचा हा उपाय नव्हे, ही जगण्याची शिस्त आहे.

पुढे शैवागमांचा काळ आला. काश्मीरकडे मान्यता पावलेल्या नेत्रतंत्रात मृत्युजित्, अमृतेश्वर ह्या नावांनी शिवाची उपासना सांगितली आहे. अकराव्या शतकात अभिनवगुप्ताचा शिष्य क्षेमराज ह्याने त्यावर टीका लिहिली. तेथील मंत्र निराळा, मोजक्या बीजाक्षरांचा. पुढे ही बीजे आणि वैदिक ऋचा ह्यांचा संगम झाला, ऋचेला मागेपुढे बीजांचे संपुट बसले आणि आज आपण ज्याला महामृत्युंजय म्हणतो तो प्रयोग सिद्ध झाला. शारदातिलक ह्या तंत्रग्रंथात त्र्यंबकाचे ध्यान आहे. त्यात देव स्वतःच्या मस्तकावर अमृताचे कलश ओतीत आहे. चव्हाट्यावरून शिदोरी देऊन ज्याला दूर पाठविला तो रुद्र आता जवळ बसून अमृत शिंपडू लागला. इतिहासात देवांची रूपे पालटतात ती माणसांच्या गरजेप्रमाणे, ह्याचे हे बोलके उदाहरण आहे.

पुराणांनी ह्या भावनेला कथा दिली. अल्पायुषी मार्कंडेय, त्याचे शिवलिंगाला मिठी मारणे, यमाचा पाश आणि लिंगातून प्रगट झालेला शिव, हे आपल्या सर्वांना ठाऊक आहे. वेरूळला पंधराव्या, दशावतार लेण्यात हा प्रसंग कोरलेला आहे. त्याच लेण्यात राष्ट्रकूट राजा दंतिदुर्ग ह्याच्या काळचा शिलालेख आहे, म्हणजे आठव्या शतकापासून ही कथा महाराष्ट्राच्या दगडावर उभी आहे. सोलापूरचा पद्मशाली समाज मार्कंडेयाला आपला मूळपुरुष मानतो. वाढदिवसाला मार्कंडेयाची पूजा करून गूळ आणि तीळ घातलेले दूध पिण्याची चालही कित्येक घरांतून आहे. ह्या कथेत शिवाने मृत्यूच नाहीसा केला असे नाही. कोवळे फळ तोडू दिले नाही, इतकेच. तमिळनाडूत तिरुक्कडवूर येथे, जेथे हा प्रसंग घडला असे मानतात, तेथे साठी आणि ऐंशी पुरी झालेली जोडपी मुद्दाम जाऊन शांती करतात. कोवळ्याचे रक्षण आणि पिकल्याचा उत्सव, दोन्ही एकाच देवाच्या दारी चालतात.

आणि आपला त्र्यंबकेश्वर? ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी, गोदावरीच्या उगमाजवळ, बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक ह्याच नावाने नांदते आहे. आजचे पाषाणाचे देऊळ नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये बांधावयास घेतले, ते त्यांच्या पश्चात १७८६ मध्ये पुरे झाले. त्या क्षेत्रामुळे हा वैदिक शब्द महाराष्ट्राच्या घराघरांत शिरला आणि कोणाचा त्र्यंबक झाला, कोणाचा त्रिंबक. आपले बालकवी ठोमरे हेही नावाचे त्र्यंबकच. मूल जगावे म्हणून ठेवलेल्या नावांत हे नाव किती घरी ठेवले गेले असेल, ह्याची गणती कोण करणार?

शेवटचा प्रश्न उरतो तो औषधाचा. मंत्र आणि वैद्य ह्यांचे वैर आहे काय? चरकाने चिकित्सेचे तीन प्रकार सांगितले आहेत. मंत्र, होम, उपवास, प्रणिपात ही दैवव्यपाश्रय. आहार आणि औषधे ह्यांची योजना ही युक्तिव्यपाश्रय. मनाला अहितापासून आवरणे हा सत्त्वावजय. एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असे त्याने कोठेही म्हटलेले नाही. आणि आयुष्य ठरलेले असते की नसते, ह्या प्रश्नावर त्याच चरकसंहितेत आत्रेयांनी गाडीच्या आसाचा दृष्टांत दिला आहे. चांगला आस नीट वापरला तर झिजून आपल्या वेळी संपतो. तोच अती ओझ्याने, खाचखळग्याच्या वाटेने, वंगणावाचून मध्येच मोडतो. पहिला काळमृत्यू, दुसरा अकाळमृत्यू. अकाळमृत्यू टाळणे हे वैद्याचे काम आणि आपलेही. ऋषीचे फळ आणि वैद्याचा आस, दोघे एकच गोष्ट सांगतात. ज्या घरी औषधाची वेळ चुकवून माळ ओढली जाते तेथे मंत्राचाच अर्थ चुकला आहे, असे म्हणणे भाग आहे.

तेव्हा, श्रोतेहो, रोग्याच्या उशाशी बसून आपण हा मंत्र म्हणतो तेव्हा काय करीत असतो? मुलाबाळांच्या आणि तरुणांच्या उशाशी म्हणतो, की हे फळ अजून हिरवे आहे, ह्याला वेलीवर राहू दे. आणि मग वैद्य, औषध, सेवा ह्यांत कसूर करीत नाही. पिकल्या माणसाच्या उशाशी म्हणतो, की ह्याचे सुटणे सोपे होवो, ह्याला ओढाताण न होवो, मागे राहिलेल्या वेलीला जखम न होवो. दोन्ही प्रसंगी शब्द तेच आहेत. पहिली प्रार्थना कधी फळते, कधी फळत नाही. कोवळी फळेही वाऱ्यावादळात गळतात आणि तो जप करणाऱ्याचा अपराध नसतो. म्हणून ज्या घरी जप झाला आणि माणूस गेले, त्या घरच्यांना मी नम्रपणे एवढेच सांगेन, की आपली माळ कमी पडली नाही. आपण सर्वांनी मिळून 'आम्ही' म्हटले, म्हणून त्या एकट्याला 'मी' म्हणताना धीर आला असेल. मंत्राचे काम तेथे झाले.